काल रात्री काय जेवलात?

कॉलेजातल्या पोरी अजून मधूनमधून येतात आणि विचारतात, रेडिओवरच्या उमेदवारीतून तुम्हांला काय मिळालं? त्यांना एखादं छानसं वाक्य हवं असतं. आत्मविश्वास मिळाला, भाषेवर पकड आली, असलं काहीतरी. मी त्यांना चहा देते आणि दुसरंच काही बोलत बसते. खरं सांगायचं तर आधी मला पाठदुखी मिळाली. बाकी जे मिळालं ते सांगायला बसलं की दम लागतो, म्हणून इतकी वर्षं टाळत आले.

आमचा जिल्हा तेव्हा नुकता वेगळा झाला होता. रेडिओचं केंद्र मात्र शेजारच्या जिल्ह्यातच राहिलं. इकडच्या माणसांचे आवाज घ्यायला दर वेळी तिकडून गाडी पाठवायची म्हणजे त्यांच्याही नाकी नऊ येत, म्हणून त्यांनी कणकवलीत बाजाराच्या मागे एका घराच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. जीप घेऊन गावोगाव फिरायचं, आवाज टेपवर घ्यायचे, त्या खोल्यांत बसून ते कापायचे, जोडायचे, आणि तयार झालेली टेप डब्यात घालून एस.टी.च्या ड्रायव्हरकडे द्यायची. ती केंद्रावर पोचली की तिथून लागायची. आमच्या मराठीच्या सरांनी ओळख काढून मला तिथे चिकटवलं. पगार वगैरे नाही. शिकायला मिळेल, म्हणाले. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझा आवाज फार गोड आहे असा माझा समज होता. माइकसमोर बसायचं, ‘नमस्कार श्रोतेहो’ म्हणायचं, आणि आमच्या कट्टा गावच्या सगळ्या बाजारात दुकानादुकानांतून आपला आवाज यायचा, एवढं स्वप्न घेऊन मी दिवाळीच्या सुट्टीत पहिल्या गाडीला उभी राहिले.

उभीच राहिले, कारण बसायला जागा कधी मिळालीच नाही. कट्ट्याहून कसाल, तिथे गाडी बदलून कणकवली, आणि संध्याकाळी हेच सगळं उलटं. खोलीवर पोचलं की आधी केर काढायचा. मग वापरून झालेल्या टेपा पुसायच्या. नव्या टेपा वेळेवर मिळत नसत, त्यामुळे कार्यक्रम लागून गेला की टेप पुसून पुन्हा वापरात. त्यासाठी एक जड यंत्र होतं, जुन्या इस्त्रीएवढं. ते घूंऽ करत चालू झालं की त्याच्यावरून टेपचं चक्र गोल गोल फिरवायचं. माणसं बोलायची, गायची, खतांची माहिती द्यायची, आणि मी ती सगळी सकाळच्या सकाळी पुसून टाकायची. हात भरून येत. माइकसमोर मला त्या लोकांनी एकदाही बसवलं नाही. कसला माइक नि कसलं काय!

तिथे माणसं दोनच, आणि जीपचा ड्रायव्हर. कार्यक्रम बघणारे साहेब आमच्याच बाजूचे, विजयदुर्गाकडचे. सज्जन माणूस. सकाळी देवपूजा झाल्याशिवाय पाणी पीत नसत. कचेरीत शुद्ध मराठी बोलत आणि चिडले की मालवणीवर येत, त्यामुळे चिडलेले बरे वाटत. दुसरे तंत्रज्ञ. ते घाटावरचे. त्यांना मासे चालत नसत, इथला दमटपणा चालत नसे आणि आमचं बोलणं अर्धंअधिक कळत नसे. बदलीच्या अर्जाशिवाय दुसऱ्या कशात त्यांचा जीव नव्हता. पण कानावर हेडफोनची ती मोठी बोंडं चढवून बसले की त्यांच्यासारखा माणूस नाही. मला जे काही शिकवलं ते त्यांनीच, तेही कुरकुरत.

त्यांची एक रीत होती. कोणाचाही आवाज घेण्याआधी तो किती मोठा, किती बारीक हे यंत्राला बघावं लागतं. त्यासाठी माणसानं काहीतरी बोलायला हवं. माइक पुढे धरून ‘बोला’ म्हटलं की भलेभले मुके होतात. म्हणून तंत्रज्ञ सगळ्यांना एकच प्रश्न विचारत, ‘काल रात्री काय जेवलात?’ यावर कोणीही बोलतो. विजयदुर्गाची मासे विकणारी बाई बांगड्याच्या तिखल्यावर बोलत सुटली ती थांबेचना. नांदगावचे एक मुख्याध्यापक ताठ बसून म्हणाले, ‘मी रात्री अल्पोपाहार घेतो.’ तोवर यंत्रावरचा काटा कुठे जातोय ते बघून तंत्रज्ञ बटण फिरवत, आणि मग खरं बोलणं सुरू होई. हे जेवणाचं पुढे कार्यक्रमात लागत नसे. खोलीवर आल्यावर टेप तिथपर्यंत भराभर पळवायची, खरं बोलणं जिथे सुरू होतं तिथे ब्लेडनं कापायची, आणि त्याच्या आधीचा तुकडा कचऱ्यात. तो कोणी ऐकतही नसे.

कचऱ्यात म्हणजे बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात. तो डबा माझा. टेप कापायला आणि जोडायला शिकायचं तर चांगल्या टेपेवर कोण हात मारू देणार? तेव्हा मी त्या टाकाऊ तुकड्यांवर शिकायचं. तिरपा छेद द्यायचा, दोन टोकं अगदी शेजारी आणायची, वर बारीक चिकटपट्टी. जरा चुकलं की जोडावर टक् आवाज येतो, आणि तंत्रज्ञ कपाळाला हात लावतात. दुपारभर मी ते करत बसायची. डोळे चुरचुरायचे, मान आखडायची. जोडलेले तुकडे एका चक्रावर गुंडाळत जायचे. ते चक्र लावलं की सगळी माणसं एकापाठोपाठ आपण काय जेवलो ते सांगत सुटत. पेज. भात. पेज आणि सुकट. अल्पोपाहार.

आमच्या घराच्या शेजारी एक काका-काकी राहायचे. मधे फक्त चिऱ्यांचा गडगा, कमरेएवढी भिंत. काका गावचे मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीनं खड्या आवाजात घातलेलं मागणं. एकेक वाक्य संपलं की जमलेले सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. काका एरवी बोलायला अगदी मऊ. बाजारात भाव करतानासुद्धा दुकानदाराची माफी मागितल्यासारखे बोलत. पण देवासमोर उभे राहिले की गळा असा लागायचा, की देवळाबाहेरची कुत्री उठून बसत.

हे सगळं मी साहेबांना एकदा सांगितलं आणि त्यांच्या डोक्यात ते बसलं. आमच्या जत्रेचा दिवस आला तेव्हा जीप थेट देवळाशी. मला काम काय, तर तंत्रज्ञांची वायर धरून लांब उभं राहायचं आणि पोरांना तिच्यावर पाय देऊ द्यायचा नाही. काकांना त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला तो मी लांबून ओठांवरून ओळखला. काका काहीतरी बोलले, लाजल्यासारखे हसले. मग गाऱ्हाणं सुरू झालं. काय आवाज लागला होता त्या दिवशी! मधेच रस्त्यानं एक एस.टी. भोंगा वाजवत गेली. संपल्यावर तंत्रज्ञ पुढे झाले आणि अगदी आदरानं म्हणाले, काका, भोंगा आला मधे, पुन्हा एकदा म्हणा की.

“देवाक एकदा सांगलां,” काका म्हणाले. “परत सांगूक तो काय बहिरो आसा?”

सगळं देऊळ हसलं. तंत्रज्ञांना कळलं नाही, साहेबांनी त्यांना समजावलं. गाऱ्हाणं दोनदा घालत नाहीत. एकदा घातलं की ते देवाच्या पदरात पडलं, आणि माणसाचा त्याच्यावरचा हक्क संपला. त्यामुळे टेपेवर जे आलं ते एवढंच, भोंग्यासकट.

कार्यक्रम कधी लागणार ते ठरलं आणि ती बातमी मीच घरी आणली. काका हरखून गेले. त्यांनी ती केशकर्तनालयात सांगितली, गिरणीवर सांगितली, कट्ट्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगितली. पण त्यांना खरं ऐकवायचं होतं ते काकीला. कारण काकीनं ते कधी ऐकलंच नव्हतं. जत्रेच्या दिवशी घरात पाहुण्यांची रीघ. मानकऱ्याचं घर, म्हणजे सगळ्यांचं जेवण तिथेच. लग्न होऊन आल्यापासून दर जत्रेला काकी चुलीपुढे. देवळाकडून वाऱ्यावर आलेलं ‘होय म्हाराजा’ तेवढं तिला ऐकू यायचं, नवऱ्याचा शब्द एक नाही. सून येईल मग जाईन, म्हणायची. सून आली ती मुलाबरोबर मुंबईला गेली, आणि काकी होती तिथेच राहिली. काका त्या दिवशी गडग्याशी उभे राहून मला ऐकू जाईल असं तिला म्हणाले, “आता तरी आयक. इतकी वरसां भाकऱ्याच भाजलंस.” काकी पदरात हसली. ते मी पाहिलं.

आणि कार्यक्रम लागायच्या आधीच काका गेले. सकाळी पाणंदीतून गवताचा भारा घेऊन आले, छातीत कळ येते म्हणाले, ओटीवर टेकले, आटोपलं. डॉक्टरला आणायला गेलेला माणूस परत यायच्या आधीच.

त्यांच्या घराला सुतक आलं. आमचं घराणं वेगळं, आम्हांला नव्हतं. सुतकाच्या घरात रेडिओ कसला लावतात? काकीच्या दिरांनी तो कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवून दिला. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. रीतच ती. चार दिवस गेले आणि मी सकाळी गाडीला निघाले असताना काकीनं मागल्या दारातून मला हाक मारली. तिच्याकडे बघवत नव्हतं. मला वाटलं, निरोप द्यायचाय कुणालातरी. ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “बाय, ता आज लागतलां मां?”

लागणार, मी म्हटलं. वचनच दिलं म्हणा ना. त्या दिवशी मी खोलीवर गेलेच नाही. आईला सांगितलं, बाबांना सांगितलं. बाबा शाळामास्तर, नियमानं चालणारे. पण संध्याकाळी त्यांनीच आमचा रेडिओ उचलला, गडग्यावर नेऊन ठेवला, तोंड त्यांच्या मागल्या पडवीकडे केलं आणि कान फिरवून आवाज होता तेवढा मोठा केला. रेडिओ आमचा, गडगा दोघांचा. सुतक कुठे मोडलं? काकी पडवीत खांबाला टेकून बसली. मी गडग्याच्या अलीकडे उभी होते.

आधी आंब्याच्या मोहोरावर कोणीतरी बोललं. तुडतुडे, फवारणी, पाण्याचं प्रमाण. ते इतकं लांबलं की मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. मग निवेदिका म्हणाली, आता ऐकू या. काकी पुढे सरकली. आणि भजन सुरू झालं. कुठलंतरी भजन, पेटी, टाळ, घोळक्यानं म्हटलेलं. मला वाटलं हे संपलं की लागेल. ते संपलं. निवेदिकेनं निरोप घेतला. बाजारभाव सुरू झाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. काकी तशीच बसून होती, मान एका बाजूला कलती करून. तिनं विचारलं, “संपलो?” मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, “माकाच आयकूक येवक नाय काय गो?”

तिला वाटलं लागलं असेल, तिच्याच कानांना ते आलं नसेल. जन्मभर तसंच झालं होतं ना! मी तिला नाही म्हणाले, लागलंच नाही म्हणाले, काहीतरी घोटाळा झालाय म्हणाले. तिनं मान हलवली आणि उठून आत गेली. त्या रात्री मी जेवले नाही. आईनं आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवशी कणकवलीला पोचेपर्यंत माझ्या अंगाची लाही झाली होती. केर काढला नाही, पिशवी ठेवली नाही, सरळ साहेबांसमोर उभी राहिले. साहेब शांतपणे म्हणाले, अगं, ते मीच काढलं. जीपच्या ड्रायव्हरनं काल सकाळी त्यांच्या कानावर घातलं होतं, की मानकरी गेले. साहेबांना वाईट वाटलं होतं, खरंच वाईट वाटलं होतं. त्यांनी स्वतः बसून ती टेप बाजूला केली, बदली भजन घातलं आणि डबा केंद्राकडे पाठवला. “त्या घरात सुतक,” ते मला म्हणाले. “आणि त्याच घरातल्या गेलेल्या माणसाच्या तोंडून देवाचं गाऱ्हाणं सगळ्या मुलखाला ऐकवायचं? घरच्यांच्या जिवाला काय वाटलं असतं?”

त्यांनी निष्काळजीपणा केला असता तर मी भांडले असते. त्यांनी आब राखला होता. आमच्याकडचा कुठलाही भला माणूस राखतो तसा. घाटावरच्या तंत्रज्ञांच्या हे डोक्यातही आलं नसतं, त्यांनी टेप बिनघोर पाठवली असती. मी म्हटलं, मग तेराव्यानंतर लावा. साहेब म्हणाले, जत्रेचा कार्यक्रम होता, जत्रा गेली. मी विचारलं, निदान ती टेप कुठे आहे? ते तंत्रज्ञांकडे बघू लागले, तंत्रज्ञ खिडकीकडे. काल मी नव्हते. पुसायच्या टेपांचा ढीग तसाच होता, आणि टेपा तर संपलेल्या. मग तंत्रज्ञांनीच यंत्र काढून ढीग उरकला होता. गाऱ्हाण्याच्या टेपेवर आता आंब्याच्या मोहोराचा दुसरा भाग होता.

मला राग आला. अजूनही येतो, पण आता तो कुणावर काढायचा हे कळत नाही. मी मागच्या खोलीत जाऊन बसले. रडले, हे सांगायला लाज कसली? सोडून देते हे काम, म्हटलं. चांगल्या मनाची माणसं चांगल्या मनानं आवाज पुसतात, आणि आपण केर काढायचा. हेच शिकायचं होतं का? तंत्रज्ञ दारात येऊन उभे राहिले. त्यांना समजूत घालता येत नसे. ते म्हणाले, टेप गेली ती गेली, पण आधीचा तो जेवणाचा तुकडा कुठाय? तो मीच कापला होता ना?

तो तुकडा डब्यात होता. असायला हवा होता. पण डब्यात सगळ्या जिल्ह्याच्या जेवणाचा गुंता होता. कापलेल्या टेपेवर नाव नसतं. सगळे तुकडे एकाच तपकिरी रंगाचे. कुठला कोणाचा ते कळायचं तर एकेक सोडवायचा, जोडायचा, लावून ऐकायचा. दुसरा मार्ग नव्हता.

तेच करत बसले. सकाळी केर, टेपा पुसणं, चहा, आणि दुपारी तो गुंता. किती दुपारी गेल्या कुणास ठाऊक. बोटांना ब्लेड लागून लागून चिरा पडल्या. चिकटपट्टी संपत आली तशी तंत्रज्ञांची कुरकुर वाढली, पण नवी गुंडाळी माझ्यासमोर आणून आपटायचे तेही तेच. पेज, भात, सुकट, पेज, घावणे, पोट बरं नव्हतं म्हणून काहीच नाही. माणसं किती साधं जेवतात आणि किती हौसेनं सांगतात! एक म्हातारा तर जेवण सांगता सांगता गप्पच झाला, आणि मग म्हणाला, एकटाच होतो. त्याला कोणी पुढे काही विचारलं नव्हतं. काटा बघून झाला होता. मी संध्याकाळी गाडीत उभी राहिले तरी हे आवाज कानातून जात नसत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघून वाटायचं, हा काल काय जेवला असेल?

आणि एका दुपारी एक तुकडा असा लागला की काही कळेना. घशातल्या घशात, गिळल्यासारखे आवाज. भाषाच नाही. मी तो उलटा जोडला होता, शेवटाकडून सुरुवातीकडे. नेहमीची चूक, तंत्रज्ञ त्यासाठी मला रोज बोलत. सोडवून पुन्हा जोडायचा कंटाळा आला होता, फेकून देणार होते. पण मधे एक खोकला आला. खोकला सुलटाही खोकल्यासारखा आणि उलटाही खोकल्यासारखाच. तो खोकला मी लहानपणापासून रोज पहाटे गडग्यापलीकडून ऐकत आले होते.

मी तो सोडवला, फिरवला, जोडला. घाईत जोडावर टक् वाजलंच. तंत्रज्ञांनी या वेळी कपाळाला हात लावला नाही. काका बोलले. जेमतेम चारपाच वाक्यं. तंत्रज्ञ म्हणाले, काय म्हणतायत? मी सांगितलं. साहेब बाहेरच्या खोलीतून उठून आले होते, ते दारातच थांबले. त्यांना सांगायची गरज नव्हती. ते चष्मा पुसत परत गेले.

खेड्यात ती टेप कशावर लावणार? त्याला ते यंत्रच हवं, आणि यंत्र सरकारी कामाशिवाय बाहेर काढायची परवानगी नव्हती. पण पुढे तेरावं होऊन गेल्यावर एकदा मालवणला आवाज घ्यायला जीप निघाली. मी मागे बसले होते. आमचं घर आलं तसं साहेब पुढे बघतच ड्रायव्हरला म्हणाले, “थांबव हयसर. इंजिन तापलां असतलां.” इंजिन काही तापलं नव्हतं. ते स्वतः उतरले नाहीत, मांडीवर कागद घेऊन बसून राहिले.

तंत्रज्ञ नि मी काकीच्या मागल्या दारानं गेलो. काकी पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. तंत्रज्ञांनी यंत्र जमिनीवर ठेवलं, झाकण उघडलं. मी तिला आधीच सांगून टाकलं, काकी, गाऱ्हाणं नाही हां. गाऱ्हाणं गेलं. हे त्याच्या आधीचं आहे, असंच काहीतरी. मला भीती वाटत होती. एवढी वाट बघून तिच्या वाट्याला काय, तर हे. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि यंत्रासमोर बसली, माणसासमोर बसतात तशी.

चक्र फिरलं. आधी तंत्रज्ञांचा आवाज आला, काल रात्री काय जेवलात? मग खोकला. मग काका, त्यांच्या त्या मऊ, बाजारातल्या आवाजात.

“भात नि कुळथाची पिठी. मीठ कमी होतां. पण तिका सांगूक नाय मी. दिवसभर भात झोडून दमली होती. तुमीव सांगू नकात हां.”

आणि टेपेचं टोक सुटून फडफडायला लागलं. तंत्रज्ञांनी यंत्र थांबवलं. त्यांना आता ती वाक्यं पाठ झाली होती, अर्थासकट, तरी ते जमिनीकडे बघत होते. परत लावू का, मी विचारलं. काकीनं हात वर केला, थांब म्हणून. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, निदान मला दिसलं नाही. घरातल्या माणसानं काहीतरी भलतंच केल्यावर बाईच्या कपाळाला जी आठी पडते ती पडली होती.

“मीठ कमी होतां तर मागूचां होतां मां,” ती म्हणाली. आम्हांला नव्हे, त्या यंत्राला. आणि उत्तराची वाट बघत बसली.